काळ्या मातीला बाकीच्या जगात काय म्हणतात? (इंजिनिअरिंगचे पेपर शोधण्याबद्दल)

मुरूमवाला

दोन वर्षांपूर्वी लातूरकडच्या एका गावात शाळेच्या दोन खोल्या बघायला गेलो होतो. बांधून जेमतेम तीन पावसाळे झालेले. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी चढत बीमपर्यंत गेलेली. खाली केसाएवढी आणि वर करंगळीचं टोक जाईल एवढी. हेडमास्तर म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात ही मिटते. उन्हाळा आला की परत उघडते. आम्ही दोनदा सिमेंट भरून बघितलं."

एवढं ऐकलं की निदान वेगळं करावं लागत नाही. खड्डा घेतला तर अडीच मीटर काळी माती, म्हणजे पाण्याने फुगणारी आणि उन्हात आकसणारी, आणि खाली मुरूम. पाया मुरमापर्यंत नेलेला नव्हता. नवीन बांधकाम असतं तर काय करायचं ते सगळ्यांना माहीत आहे. अंडररीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले खोल खांब) घ्या, नाहीतर माती काढून मुरमाचा थर द्या. आयएस (भारतीय मानक) २७२० चा भाग ४० (फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती किती फुगते त्याची चाचणी) आणि अंडररीम्ड पाइलसाठीचा आयएस २९११ चा भाग ३ माझ्या टेबलावरच असतात. पण माझा प्रश्न वेगळा होता. उभी इमारत आहे, पाडायला पैसा नाही, मुलं रोज आत बसतात. अशा वेळी पायाभोवतीचा ओलावा सांभाळून कुणी इमारत वाचवली आहे का? आणि दहा वर्षांनी तिचं काय झालं?

गुगलवर 'ब्लॅक कॉटन सॉइल', 'फाउंडेशन', 'क्रॅक्स' टाकून तीन रात्री काढल्या. ठेकेदारांच्या जाहिराती मिळाल्या, आणि एकाच लेखाच्या दहा नकला मिळाल्या. प्रयोगशाळेत चुना किंवा फ्लाय अ‍ॅश मिसळून ताकद किती वाढली, याचे विद्यार्थ्यांचे पेपर तर पोत्याने. शाळेला त्याचा उपयोग शून्य.

शेवटी जिथे शिकलो त्या कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ही माती फक्त आपल्याकडेच आहे का हो?"

मी म्हटलं, नाही. टेक्सासमध्ये आहे, ऑस्ट्रेलियात आहे, दक्षिण आफ्रिकेत, सुदानमध्ये, चीनमध्येही आहे.

"मग ते लोक तिला काय म्हणतात, ते आधी कागदावर लिहा. कॉम्प्युटर नंतर लावू."

अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास माझ्या तीन रात्रींवर भारी पडला. अमेरिकेत 'एक्स्पान्सिव्ह क्ले' किंवा 'एक्स्पान्सिव्ह सॉइल'. ऑस्ट्रेलियात 'रिअ‍ॅक्टिव्ह'. जुन्या लिखाणात 'स्वेलिंग क्ले', 'हीव्हिंग'. मृदाशास्त्रवाले 'व्हर्टिसॉल' म्हणतात. खनिजाच्या बाजूने गेलं तर 'माँटमोरिलोनाइट' आणि 'स्मेक्टाइट'. 'ब्लॅक कॉटन सॉइल' हा शब्द भारतात आणि पूर्व आफ्रिकेत चालतो. म्हणजे मी जगातल्या एका कोपऱ्याच्या बोलीत सगळ्या जगाला हाका मारत होतो.

मग मॅडमनी दुसरा रकाना काढायला लावला. उपाय काय? 'मॉइश्चर बॅरियर' (ओलावा अडवणारा पडदा), 'अंडरपिनिंग' (जुन्या पायाखाली नवा आधार), 'रूट बॅरियर' (मुळांना अडथळा), 'एप्रन' (भिंतीलगतची फरसबंदी). तिसरा रकाना, कशाला? 'हाउसेस', 'लाइटली लोडेड स्ट्रक्चर्स', 'शॅलो फाउंडेशन्स'. एका रकान्यातले शब्द आपसात 'ऑर'ने जोडायचे, रकाने एकमेकांना 'अँड'ने. दोन शब्दांचं नाव असेल तर अवतरणचिन्हात. मग कॉम्पेन्डेक्स, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पेपरांची सूची, उघडलं, आणि पहिल्या पानावरच माझ्या शाळेची भावंडं दिसायला लागली.

टेक्सासमध्ये रस्त्याच्या कडेने उभे ओलावा-अडथळे घालून वर्षानुवर्षं मोजमाप घेतलंय. ऑस्ट्रेलियात झाडांच्या मुळांनी घराखालची माती किती सुकते यावर स्वतंत्र काम आहे. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने घरमालकांसाठी एक पत्रकच काढलंय. झाड कुठे लावावं, नळ कुठे गळू देऊ नये, इतकं साधं. आणि आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांचं १९७९ चं इंडियन जिओटेक्निकल जर्नलमधलं व्याख्यान. कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग (चिकट पण न फुगणाऱ्या मातीच्या) थराची, म्हणजे ज्याला आपण साइटवर नुसतं सीएनएस म्हणतो त्याची, मूळ मांडणी तिथे आहे. मी पंधरा वर्षं सीएनएस टाकतोय आणि ते व्याख्यान पहिल्यांदा तेव्हा वाचलं, याचं मनापासून वाईट वाटलं.

शाळेला आम्ही दोन मीटर रुंद एप्रन केला, खाली जाड प्लास्टिक आणि कडेने खोल उभा पडदा. पन्हाळीचं पाणी लांब नेलं. कोपऱ्यापासून चार फुटांवर कडुनिंब होता. तो तोडू दिला नाही, मधे मुळांना अडथळा घातला. भेग हलली तर कळावं म्हणून तिच्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन उन्हाळे गेले, तीनपैकी दोन पट्ट्या अजून अखंड आहेत. तिसरी पहिल्याच मे महिन्यात तडकली. तो कोपरा अजून बघतोय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे डेटाबेस म्हणजे पीएचडीवाल्यांचं काम वाटतं, म्हणून हा धागा काढला. साइटवरच्या माणसालाच त्यांची जास्त गरज आहे. तुमचे अनुभव लिहा.

पुस्तकघर

मुरूमवाला, वाचून फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं तांत्रिक ग्रंथालयात आहे आणि त्या मॅडमनी केलं तेच रोज करते. थोडी भर घालते.

कॉम्पेन्डेक्स हे नाव 'कॉम्प्युटराइज्ड इंजिनिअरिंग इंडेक्स'चं लघुरूप. मूळ इंजिनिअरिंग इंडेक्स १८८४ सालचा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले सिव्हिलचे प्राध्यापक जॉन बटलर जॉन्सन इंजिनिअरिंगच्या नियतकालिकांमधल्या लेखांचे चार-चार ओळींचे सारांश लिहून छापू लागले, तिथून ही परंपरा सुरू झाली. आज ते एल्सेविअरच्या इंजिनिअरिंग व्हिलेजवर मिळतं. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि फिजिक्सवाल्यांसाठी इन्स्पेक आहे. त्याचं मूळ १८९८ च्या 'सायन्स अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स'मध्ये.

हे लक्षात ठेवा की हे सूचीचे डेटाबेस आहेत. पेपर कुठे छापला आहे ते सांगतात, पेपर हातात देतीलच असं नाही. उलट आयट्रिपलई एक्सप्लोअर किंवा एएससीई लायब्ररी ही एकेका प्रकाशकाची दुकानं. पेपर तिथे मिळतो, पण फक्त त्यांचा. मुलं एकाच दुकानात शोधतात आणि "मॅडम, या विषयावर कामच झालेलं नाही" असं सांगत येतात.

सूचीची खरी ताकद तिच्या थिसॉरसमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या विषयशब्दांच्या यादीत. प्रत्येक पेपर वाचून त्याला ठरावीक विषयशब्द लावलेले असतात, लेखकाने शीर्षकात काहीही लिहिलेलं असो. उदाहरणार्थ 'लिक्विफॅक्शन' एवढंच टाकलंत तर भूकंपात पातळ होणारी वाळूही येते आणि थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायूही. विषयशब्दात मातीचं लिक्विफॅक्शन वेगळं काढलेलं असतं, तो निवडला की वायू बाजूला होतो.

थिसॉरस उघडायचा कंटाळा असेल तर सोपी वाट सांगते. कसंही करून एक नेमका पेपर सापडवा. त्याच्या नोंदीत खाली विषयशब्द असतात, त्यावर टिचकी मारा. एक मणी सापडला की त्याच्या दोऱ्याने बाकीची माळ ओढायची.

आणखी दोन. शब्दाच्या मुळानंतर तारा (*) लावली की पुढची सगळी रूपं येतात, 'सिस्मिक'ही आणि 'सिस्मिसिटी'ही. पण मूळ फार आखूड ठेवलंत तर नको ते शब्दही घुसतात. आणि ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंग. 'बिहेवियर'मध्ये यू आहे की नाही, 'फायबर'च्या शेवटी ई आधी की आर आधी, एवढ्यावर अर्धं साहित्य निसटू शकतं. दोन्ही रूपं 'ऑर'ने लिहा.

कृष्णाकाठ

नमस्कार. मी एमटेक स्ट्रक्चर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय कोयना धरणाचं भूकंपातलं वर्तन. फायनाइट एलिमेंटचे (कॉम्प्युटरवर धरणाचे छोटे तुकडे करून हिशोब करण्याचे) अलीकडचे पेपर ढिगाने मिळाले, कारण कोयनेचं मॉडेल सगळेच पडताळणीसाठी वापरतात. पण गाइड सर म्हणतात, १९६७ नंतर लगेच लोकांनी काय पाहिलं ते वाच. तेच सापडत नाही. कॉम्पेन्डेक्समध्ये १९६८-६९ जवळपास रिकामं दिसतंय. मी काय चुकतोय?

पुस्तकघर

कृष्णाकाठ, तुमचं काहीच चुकलेलं नाही. कॉम्पेन्डेक्स साधारण १९७० पासूनचं असतं. १८८४ ते १९६९ ही त्याआधीची 'बॅकफाइल' वेगळी विकत घ्यावी लागते, आणि बऱ्याच ग्रंथालयांनी ती घेतलेली नसते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप नेमका त्या कुंपणापलीकडे पडतो. म्हणून कुठलाही डेटाबेस उघडला की आधी त्याची वर्षं कुठून कुठपर्यंत आहेत ते बघावं. रिकामं पान दिसलं म्हणजे काम झालेलं नाही असं नव्हे.

आता उलट्या दिशेने या. चोप्रा आणि चक्रबर्ती यांचा कोयना धरणाच्या नुकसानीवरचा पेपर १९७३ सालच्या बुलेटिन ऑफ द सिस्मॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकामध्ये आहे. तो मिळवा आणि त्याच्या शेवटची संदर्भयादी काढा. १९६८-६९ चं लिखाण तुम्हाला तिथून मिळेल. मग तोच पेपर स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या, कुणी कुणाचा संदर्भ दिला ते नोंदवणाऱ्या सूचींमध्ये उघडून 'सायटेड बाय' बघा, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत त्याचा आधार कुणी घेतला ते दिसेल. मागे जायला संदर्भयादी, पुढे यायला सायटेशन.

मुरूमवाला

+१. आणि कृष्णाकाठ, जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषदांची इतिवृत्तं आयआयटी कानपूरच्या 'नाइसी' या माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. १९६९ ची परिषद सांतियागोला झाली, म्हणजे कोयनेनंतर साधारण वर्षभराने. ती नजरेखालून घाला. बर्कलेच्या भूकंप अभियांत्रिकी केंद्राचे अहवालही बघा, चोप्रांचं कोयनेवरचं काम पेपरच्या आधी तिथे अहवाल म्हणून आलंय. अहवालात पेपरच्या तिप्पट पानं असतात आणि सगळे आकडे असतात.

धरणाला भेग कुठे गेली ते बघितलंत ना? १०३ मीटर उंचीच्या भिंतीत, पायापासून साधारण ६६ मीटरवर, जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथेच. नंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन भिंत बळकट केली. ज्यांनी त्या काळात धरणावर उभं राहून लिहिलंय, ते मॉडेलपेक्षा वेगळं दिसतं.

जुना_ओव्हरसियर

मुरूमवाले, तुमचं सीएनएसबद्दल वाचून गहिवरलो. पाटबंधाऱ्यात ३४ वर्षं काढली. काळ्या मातीतल्या कालव्यांची अस्तरं एका पावसात उखडून वर यायची, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. पुढे त्यावर आयएस ९४५१ हे मानक निघालं.

एक गोष्ट तुमच्या या डेटाबेसांमध्ये नाही, ती सांगतो. आपल्याकडचं किती तरी काम कुठल्याच सूचीत चढलेलं नाही. खडकवासल्याचं सीडब्ल्यूपीआरएस (केंद्राचं पाणी आणि वीज संशोधन केंद्र) १९१६ पासून आहे, नाशिकची मेरी ही राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून. माती तपासणीचे, कालव्यांच्या प्रयोगांचे खात्याचे अहवाल कपाटांत आहेत. शीर्षक मराठीत, आत आकडे इंग्रजीत, आणि इंटरनेटवर नाव नाही. ते हवे असतील तर पत्र लिहून, समक्ष जाऊन, चहा पिऊनच मिळतात. मी स्वतः एका तालुक्याच्या कालव्याचे पाच वर्षांचे फुगवट्याचे आकडे लिहून ठेवले होते. ती वही आज कुठे आहे मला माहीत नाही.

मुरूमवाला

काका, ती वही सापडली तर कृपया मला कळवा. स्कॅन करायला मी स्वतः येतो. अगदी मनापासून सांगतोय.

तिसरा_मजला

सगळं छान आहे, पण आम्ही खासगी कॉलेजवाले काय करणार? आमच्याकडे ना कॉम्पेन्डेक्स ना स्कोपस. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची नियतकालिकांची योजना आली म्हणून आनंद झाला होता, तर आमचं कॉलेज यादीतच नाही. आणि खरं सांगू का, आता एआयला विचारलं की संदर्भ लगेच मिळतात. मग एवढी उठाठेव कशाला?

पुस्तकघर

आधी पहिलं. केंद्र सरकारने ही योजना २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० च्या वर संस्था. पण त्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. त्यामुळे तुमची तक्रार रास्त आहे. सरकारी कॉलेजातल्यांनो, तुम्हाला मात्र एएससीई, एएसएमई, आयट्रिपलई, एल्सेविअर, स्प्रिंगर नेचर, वायली एवढं सगळं आज उघडं आहे. ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. कित्येकांनी ते एकदाही वापरलेलं नाही, हे मला रोज दिसतं.

खासगीवाल्यांसाठी: वाहतूक, रस्ते, पूल, रस्त्याखालची माती यासाठी 'ट्रिड' ही सूची पूर्ण मोफत आहे. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाची आणि ओईसीडीची जुनी सूची एकत्र करून ती केली आहे. सिव्हिलसाठी एएससीईची स्वतःची सूची फुकट शोधता येते. भारतातले पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर. प्रबंधातलं दुसरं प्रकरण, म्हणजे साहित्याचा आढावा, आधी वाचा. कुणीतरी वर्षभर बसून केलेला शोध तुम्हाला आयता मिळतो. ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सची मानकं त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवता येतात. आणि कॉलेज डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून लेखाची प्रत मागवता येते. काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींची ईमेल. माझ्या अनुभवात बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

एआयबद्दल मुरूमवाल्यांना बोलू दे.

मुरूमवाला

तिसरा_मजला, गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या नवीन मुलीने अशीच यादी आणली होती. सहा संदर्भ. लेखकांची नावं खरी, नियतकालिकं खरी, शीर्षकं अगदी आपल्या कामाची. डीओआय (पेपरचे कायमचे ओळख क्रमांक) एकेक करून टाकले, तर सहापैकी चार कुठेच जात नव्हते. ते पेपर कधी लिहिलेच गेलेले नाहीत. पाचवा खरा होता पण वेगळ्याच विषयावर. ती बिचारी रडकुंडीला आली, कारण त्यातला एक आकडा तिने अहवालात घालून ठेवला होता. तो आकडा एखाद्याच्या घराच्या पायात गेला असता.

शब्द सुचवायला मी पण एआय वापरतो. 'या मातीला मोरोक्कोत काय म्हणतात' असं विचारलं की 'तिर्स' असं उत्तर येतं, ते मग डेटाबेसमध्ये टाकून बघायचं. तिथवर ठीक. पण संदर्भ म्हणून जे लिहायचं ते स्वतः उघडून, वाचून मगच. आणि केलेला शोध वहीत उतरवून ठेवा. कुठल्या डेटाबेसात, कुठल्या तारखेला, नेमकी कुठली शब्दजुळणी. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की तुम्ही काय काय पाहिलंत, तर दाखवता आलं पाहिजे. पेपर ठेवायला झोटेरो फुकट आहे, मी तेच वापरतो.

ह्यूस्टनकर

मूळचा सोलापूरचा, आता वीस वर्षं इथे. इथली मातीही फुगते, माझ्या स्वतःच्या घराच्या स्लॅबला दोनदा काम करावं लागलं. उन्हाळ्यात पायाभोवती ठिबकची नळी लावून माती ओलसर ठेवतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "घराला पाणी घालतात होय?"

फुगणाऱ्या मातीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६५ मध्ये इथेच, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झाली. पुढच्या परिषदा वेगवेगळ्या देशांत भरल्या, सातवी १९९२ ला डॅलसला. त्यानंतर हा विषय 'अनसॅच्युरेटेड सॉइल्स' (पाण्याने पूर्ण न भरलेली माती) या नावाखाली गेला. म्हणून मुरूमवाला, तुमच्या पहिल्या रकान्यात हा शब्द नक्की घाला. १९९५ नंतरचं बरंचसं चांगलं काम 'एक्स्पान्सिव्ह' न म्हणता 'अनसॅच्युरेटेड' म्हणून लिहिलंय. 'सक्शन', म्हणजे माती पाणी किती जोराने ओढून धरते ते, हाही शब्द.

टेक्सासच्या रस्ते खात्यासाठी केलेले संशोधन अहवाल पूर्ण फुकट आहेत. उभ्या अडथळ्यांचं सगळं मोजमाप त्यात आहे, ट्रिडमधून दुवा मिळतो.

मुरूमवाला

ह्यूस्टनकर, हे सोन्यासारखं आहे. 'अनसॅच्युरेटेड' माझ्या यादीत नव्हताच. आज रात्री शोध परत लावतो. ती तिसरी पट्टी का तडकली याचं उत्तर कदाचित सक्शनच्या मोजमापांमध्येच मिळेल. माझा उभा पडदा तिथे दीड मीटरवर थांबलाय, खाली खडकाचा गोटा लागला म्हणून.

कृष्णाकाठ

अपडेट देतो. १९७३ चा पेपर मिळाला. संदर्भयादीतून १९६८-६९ च्या नऊ नोंदी काढल्या. पाच नेटवर मिळाल्या, दोन कानपूरच्या संकेतस्थळावर. उरलेल्या दोन कुठेच नव्हत्या. आज आमच्या ग्रंथपाल सरांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही नियतकालिकं आपण त्या वर्षी घेत होतो. बांधीव खंड खाली गोडाउनमध्ये असतील. वाळवी लागली नसेल तर."

उद्या दुपारी अडीचला बॅटरी घेऊन बोलावलंय.